पार्किन्सन्सवर स्टेम सेल आणि ग्रोथ फॅक्टर : शिबिरात सांगतात ते कितपत खरं?

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा, घरात वाद पेटलाय.

वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, पार्किन्सन्स (कंपवात) आहे. वय ६८. लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या चालू आहेत. आधी एका गोळीवर अर्धा दिवस निघायचा. आता असर दोन-अडीच तासांत उतरतो. मग उंबऱ्यापाशी पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, किंवा उलट गोळी चढली की मान आणि खांदा आपोआप हलत राहतात.

गेल्या आठवड्यात सांगलीत एका मंगल कार्यालयात 'मोफत मेंदूविकार शिबिर' होतं. बाहेरगावचे डॉक्टर आले होते. पोटाच्या चरबीतून स्टेम सेल काढायच्या, सलाईनमधून परत द्यायच्या, सोबत 'ग्रोथ फॅक्टर'ची इंजेक्शनं. तीन सिटिंग, साडेचार लाख, महिन्याच्या आत बुकिंग केल्यास दहा टक्के सूट. पडद्यावर जपानमधल्या कुठल्यातरी संशोधनाच्या बातमीचं कात्रण दाखवलं. 'मृत पेशी पुन्हा जिवंत होतात' असं पत्रकावर छापलंय.

अण्णा तयार आहेत. आई पाटल्या मोडायला निघालीय. बहीण म्हणते थांबा. माझं डोकं चालत नाहीये. जपानमध्ये जे झालं तेच हे आहे का? कुणी केलंय का?

खवचट खंडू
मेंदूवर दहा टक्के सूट. उरलेला नव्वद टक्के मेंदू वापरून विचार करा म्हणतात बहुतेक.

(हलके घ्या. अण्णांना बरं वाटो.)

अजिंक्यतारा
कृष्णाकाठचा, आम्ही केलंय. साताऱ्याहून सासूबाईंना घेऊन एका मोठ्या शहरातल्या सेंटरला जायचो. नाव घेत नाही, वकिलाची नोटीस नकोय. पद्धत तुम्ही लिहिलीत तशीच. पहिल्या डोसनंतर त्या खरंच सुधारल्या हो! राजवाड्यापर्यंत चालत जाऊन पेढे घेऊन आल्या, स्वतः पैसे मोजून दिले. सगळं घर हरखलं. महिनाभराने गाडी मूळपदावर. दुसऱ्या डोसला फरक शून्य, तिसऱ्याला तापच आला. विचारलं तर म्हणाले, 'प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं'. पैसे भरायच्या आधी मात्र सगळ्यांची शरीरं सारखीच होती.

सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला सांगू? सासूबाईंना वाटत राहिलं की आपणच मनापासून बरं व्हायला कमी पडलो.

नीलाक्षी
मी मूळची मिरजेची, सध्या पुण्यात मज्जापेशींवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. रुग्ण तपासत नाही, त्यामुळे अण्णांच्या उपचाराचं त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टनाच विचारा. पेशींबद्दल मात्र बोलते.

शिबिरातल्या पेशी आणि बातमीतल्या पेशी एक नाहीत. चरबीतून निघतात त्या मेझेन्कायमल पेशी. त्यांच्यापासून चरबी, हाड, कूर्चा अशा गोष्टी तयार होऊ शकतात. शिरेतून सोडल्या की त्यातल्या बहुतांश आधी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मेंदूत पोचून तिथे डोपामाईन (हालचालीसाठी लागणारं रसायन, जे पार्किन्सन्समध्ये कमी पडतं) बनवणारा न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी, व्हायचं काम त्या करत नाहीत.

जपानमध्ये, क्योतोत, झालं ते असं. तिथले शास्त्रज्ञ यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना उलट दिशेने नेऊन पुन्हा 'कशाही होऊ शकतील' अशा अवस्थेत आणलं. यालाच आयपीएस पेशी म्हणतात, २०१२ चं नोबेल यासाठीच. ताकाहाशी यांच्या गटाने दात्याच्या आयपीएस पेशींपासून डोपामाईन न्यूरॉन होण्याच्या वाटेवरच्या पेशी बनवल्या आणि कवटीला भोक पाडून, बारीक सुईने, मेंदूच्या दोन्ही बाजूंना सोडल्या. ५० ते ६९ वयाचे सात रुग्ण. दोन वर्षं पाठपुरावा. ज्या सहा जणांचा परिणाम मोजला त्यातल्या चौघांची, गोळी न घेतलेल्या अवस्थेतली हालचाल सुधारली. गंभीर दुष्परिणाम नाही. शरीराने पेशी नाकारू नयेत म्हणून १५ महिने टॅक्रोलिमस हे औषध द्यावं लागलं. हे एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वेळी अमेरिका-कॅनडातला १२ रुग्णांचा दुसरा अभ्यासही आला, त्यात पेशी भ्रूणीय मूलपेशींपासून (स्टेम सेलपासून) बनवलेल्या होत्या. दोन्ही अभ्यास मुख्यतः सुरक्षितता बघण्यासाठी होते आणि दोन्हींत तुलनेसाठी खोटी शस्त्रक्रिया केलेला गट नव्हता, हे विसरू नका.

आता ग्रोथ फॅक्टर. हे शब्द खोटे नाहीत, वापर खोटा आहे. जीडीएनएफ नावाचं प्रथिन १९९३ मध्ये सापडलं. प्रयोगशाळेतल्या बशीत ते डोपामाईन पेशींना जगवतं, त्यांना फांद्या फुटायला लावतं. पण रेणू मोठा, रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर तो ओलांडत नाही. म्हणून खऱ्या चाचण्यांत तो मेंदूत नळ्या घालून थेट सोडावा लागला. दंडात टोचलेल्या 'ग्रोथ फॅक्टर'चा अण्णांच्या मेंदूशी संबंध येईल असं मला दिसत नाही.

तासगावचा बागायतदार
नीलाताई, लय झ्याक सांगितलंत. मला आमच्या भाषेत कळलं ते असं : बागेत वेली मेल्या की आम्ही नांग्या भरतो, म्हणजे मेलेल्या जागी नवं रोप. ते झालं पेशी-प्रत्यारोपण. आणि ज्या वेली अजून तग धरून आहेत त्यांना मरू न देणं, मुळी वाढवणं, ते झालं ग्रोथ फॅक्टर. बरोबर का?

मग शंका अशी, की मेलेल्या जागीच रोप लावतात का?

नीलाक्षी
@तासगावचा बागायतदार, दादा, बरोबर जागी बोट ठेवलंत. तिथे लावतच नाहीत! या पेशी मरतात मेंदूच्या बुंध्यातल्या सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळपट पट्ट्यात, पण त्यांचे लांब तंतू वर पुटामेन या भागात जाऊन डोपामाईन सोडतात. प्रौढ मेंदूत नव्या पेशीने एवढं अंतर तंतू वाढवत जाणं फार अवघड. म्हणून नवी पेशी खाली खड्ड्यात न लावता थेट मांडवावर लावतात, जिथे डोपामाईन लागतं तिथेच.

तासगावचा बागायतदार
आयला. वेलीला मुळंच नकोत, नुसती फळकाडी पाहिजे. शोध लावला तर मलापण कळवा.

आणि ज्या जमिनीत पहिल्या वेली मेल्या त्याच जमिनीत नवी जगंल कशावरून?

चहा-भडंग
वा दादा, हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. स्वीडनमधल्या लुंड इथे १९८७ पासून गर्भाच्या मेंदूतल्या ऊती रुग्णांत घालायला सुरुवात झाली. २००८ मध्ये अशा जुन्या रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा घातलेल्या काही पेशींमध्येही ल्युई बॉडी, म्हणजे या आजाराच्या खास गाठी, सापडल्या. ११ ते १६ वर्षांच्या काळात आजार नव्या पेशींतही शिरला. पण बहुसंख्य पेशी धडधाकट होत्या, आणि दुसऱ्या एका रुग्णात तर २४ वर्षांनंतरही त्या जिवंत सापडल्या. म्हणजे जमीन खराब आहे, पण नापीक नाही.

लुंडच्या पद्धतीची खरी अडचण वेगळीच होती. एका रुग्णासाठी अनेक गर्भांतली ऊती लागायची, तीही गर्भपातातून, तीही ठरावीक आठवड्यांची आणि ताजी. त्यावर उपचार उभा करता येत नाही. प्रयोगशाळेत हव्या तेवढ्या पेशी वाढवता यायला लागल्या तेव्हाच हा विषय पुन्हा वर आला.

बंडूनाना
सगळं वाचलं. आता थोडं कडू बोलतो, राग मानू नये.

'थांबा, चाचणी होऊ द्या' असं म्हणणं ज्याचा हात थरथरत नाही त्याला सोपं आहे. मला स्वतःला हा आजार आहे. सातारा रोडला पेन्शनीत निघालेला मास्तर मी, फळ्यावरचं माझं अक्षर मुलं कित्ता म्हणून गिरवायची, आज बँकेच्या स्लिपवर सही जुळत नाही म्हणून क्लार्क परत पाठवतो. नीलाताई म्हणतात तुलनेचा गट नव्हता. तो गट म्हणजे काय ते उघड सांगा की! माणसाला ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचं, डोक्याला भोक पाडायचं, आत काहीच घालायचं नाही, आणि वर्षभर सांगायचं नाही. याला शास्त्र म्हणायचं?

आणि शिबिरवाले लुटतात हे मान्य. पण त्या कार्यालयात शंभर माणसं का जमतात याचाही विचार करा. आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे चार तास बसल्यावर चार मिनिटं मिळतात. शिबिरवाल्याने खांद्यावर हात ठेवून 'काका, झोप लागते का?' विचारलं असेल.

अजिंक्यतारा
नाना, शेवटचा परिच्छेद शंभर टक्के मान्य. आमच्या सासूबाईंना तिथली रिसेप्शनिस्ट 'आई' म्हणायची.

पण भोकाबद्दल मला वेगळं वाटतं. त्या पेढे आणायला चालत गेल्या तो महिना खोटा नव्हता, मी डोळ्यांनी पाहिलाय. त्यात चरबीच्या पेशींचा वाटा किती आणि आशेचा किती, हे मला कसं कळणार?

नीलाक्षी
अगदी हेच. पार्किन्सन्समध्ये आशेचा परिणाम नुसता 'मनाचा खेळ' नसतो. २००१ मध्ये पीईटी स्कॅन करून दाखवलंय की औषध म्हणून खारं पाणी टोचलं तरी या रुग्णांच्या मेंदूत खरोखरचं डोपामाईन सुटतं. पण ते उरलेल्या पेशींनीच सोडलेलं असतं, नव्या पेशी येत नाहीत.

नाना, तुमचा राग रास्त आहे, तरी एक सांगते. गर्भाच्या ऊतींची अमेरिकेतली चाचणीही २००१ चीच. ४० रुग्ण, अर्ध्यांना प्रत्यारोपण, अर्ध्यांना खोटी शस्त्रक्रिया (कवटीला भोक, पण मेंदूवरचं आवरण शाबूत). त्याआधी तुलनेशिवायच्या अभ्यासांत झक्क निकाल दिसत होते. इथे वर्षानंतर रुग्णांनी स्वतः दिलेल्या गुणांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. साठीच्या आतल्यांना थोडा फायदा दिसला. आणि पुढे ज्यांना पेशी मिळाल्या त्यांच्यातल्या सुमारे १५ टक्के लोकांना अशा अनावर हालचाली सुरू झाल्या की गोळ्या कमी केल्या, बंद केल्या तरी थांबेनात. गोळीने होणारी हालचाल गोळी उतरली की जाते. मेंदूत लावलेली पेशी काढून घेता येत नाही. ते वीस लोक भोक पाडून घ्यायला तयार झाले नसते तर हजारोंच्या डोक्यात हे घातलं गेलं असतं. आताच्या अमेरिकी पेशींची तिसऱ्या टप्प्याची चाचणीही खोट्या शस्त्रक्रियेच्या गटासह ठेवलीय, ती याच धड्यामुळे.

बंडूनाना
१५ टक्क्यांचं माहीत नव्हतं. तरीही त्या वीस जणांना कुणी हार घातले नाहीत, एवढं लिहून ठेवा.

चहा-भडंग
नानांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, कारण ग्रोथ फॅक्टरची कहाणी जास्त जिव्हारी लागणारी आहे.

२००३ मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टलमध्ये पाच रुग्णांच्या पुटामेनमध्ये बारीक नळी घालून पंपाने जीडीएनएफ सतत सोडलं. पाचही जण सुधारले. त्यातला एक पुढे दुसऱ्याच कारणाने वारला, तेव्हा नळीच्या बाजूला डोपामाईनचे नवे तंतू फुटलेले दिसले. मग अ‍ॅमजेन कंपनीने ३४ रुग्णांची तुलना असलेली चाचणी केली. सहा महिन्यांनी फरक नाही. त्यात काहींच्या रक्तात औषधाविरुद्ध प्रतिपिंडं, माकडांवरच्या प्रयोगात लहान मेंदूला इजा. २००४ मध्ये कंपनीने सगळं थांबवलं. रुग्ण म्हणत होते, आम्हाला फरक पडतोय, बंद करू नका. काही कोर्टात गेले. कोर्टाने कंपनीला भाग पाडलं नाही.

ब्रिस्टलवाल्यांनी हट्टाने पुन्हा केलं, निकाल २०१९ मध्ये आले. आता कानामागे हाडात बसवलेलं एक बटणासारखं पोर्ट, त्यातून मेंदूत चार नळ्या, दर चार आठवड्यांनी औषध. मुख्य गटात ३५ जण. नऊ महिन्यांनी खरं औषध घेतलेले सुधारले, खोटं घेतलेलेही सुधारले, फरक सिद्ध झाला नाही. पण स्कॅनमध्ये मात्र खरं औषध मिळालेल्यांच्याच पुटामेनमध्ये डोपामाईनची खूण वाढलेली. म्हणजे पेशींना काहीतरी कळलं, माणसापर्यंत पोचलं नाही. की मोजायची पट्टी चुकली? डोस कमी पडला? आजार फार पुढे गेल्यावर सुरू केलं? यावर अजून भांडणं चालू आहेत. आता विषाणूच्या पाठीवरून जीडीएनएफचा जीनच मेंदूत पोचवण्याच्या चाचण्या चालल्यात, म्हणजे दर महिन्याला नळी नको.

मला विचाराल तर दोन रस्त्यांत ग्रोथ फॅक्टरचाच जास्त शहाणा आहे. हात थरथरायला लागेपर्यंत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. उरलेल्या राखता आल्या तर नव्या लावायची वेळच उशिरा येईल. फक्त आजार त्याच्याआधी ओळखता यायला हवा, आणि तिथेच घोडं पेंड खातंय.

खवचट खंडू
एवढी मेहनत करून इंग्रजांना जमेना, आणि इकडे मंगल कार्यालयात अक्षतांसोबत वाटतायत.

हळदपेठ
अवांतर : आमच्या शेजारचे वैद्यबुवा खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण देतात कंपवातावर. थोतांड का तेही?

नीलाक्षी
नाही, थोतांड नाही. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपाच असतं, चांगलं चार-पाच टक्क्यांच्या घरात. म्हणूनच जपून. अण्णांची गोळी चालू असताना वरून चूर्ण म्हणजे किती डोस गेला याचा हिशेब राहत नाही. मळमळ, रक्तदाब उतरणं, भास, सगळं होऊ शकतं. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

हळदपेठ
शाळेत एका पोराच्या सदऱ्यात खाजकुहिली टाकली होती. तो पण अनावर हालचाली करत होता.

तासगावचा बागायतदार
🙂 अजून एक अवांतर. आमच्याकडं औषध मारणाऱ्या माणसांत हा आजार जास्त दिसतो का? आमचा जुना गडी, आयुष्यभर पंप पाठीवर. आता चमचा धरवत नाही.

चहा-भडंग
एका माणसाबद्दल कुणीच ठामपणे सांगू शकणार नाही. पण पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक यांचा पार्किन्सन्सशी संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. संशयाला जुनं कारणही आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एका रात्रीत पुतळ्यासारखे ताठरले. बनावट हेरॉईनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ झाली होती, तिने नेमक्या याच डोपामाईन पेशी मारल्या. त्या रसायनाचं शरीरात जे रूप होतं त्याची रचना पॅराक्वाटशी मिळतीजुळती. पुढे याच एमपीटीपीने माकडांत पार्किन्सन्ससारखी अवस्था आणून जीडीएनएफ तपासलं गेलं. तेव्हा दादा, तणनाशक मारणाऱ्याला हातमोजे आणि मास्क द्या. नुसता टॉवेल गुंडाळून चालत नाही.

तासगावचा बागायतदार
देतो. घालत नाहीत. उकडतं म्हणतात. ह्या खेपेला रागावून घालायला लावतो.

विट्याची वैदेही
मूळ प्रश्नाकडे येऊ का? मी फार्मसीत आहे. कृष्णाकाठचा, तुम्ही शिबिरवाल्यांना फोन करून एवढंच विचारा : ही चाचणी आहे की उपचार? चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक द्या आणि एथिक्स कमिटीचं पत्र दाखवा. आणि चाचणी असेल तर पैसे कसले? चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. उपचार म्हणाले तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा : रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण वगळलं, तर स्टेम सेल मंजूर चाचणीच्या बाहेर देता येत नाहीत. नोंदवही इंटरनेटवर फुकट उघडते, आजाराचं नाव टाकून स्वतः शोधा.

कृष्णाकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार. फोन केला. स्पीकरवर, अण्णांना शेजारी बसवून.

सीटीआरआय नंबर विचारला तर मॅडम म्हणाल्या, 'सर, ते प्रोसेसमध्ये आहे.' मग हा उपचार आहे का? 'सर, ही थेरपी आहे.' एथिक्स कमिटी? 'आमचे सगळे डॉक्टर एथिकल आहेत सर.' मग म्हणाल्या, आज टोकन भरलं तर पंधरा टक्के सूट करून घेते.

अण्णा हसले. पण फोन ठेवल्यावर म्हणाले, 'मग माझ्यासाठी काहीच नाही का?' याला काय उत्तर देऊ कळेना. क्योतोचं वाचून दाखवलं तर म्हणाले, 'माझा नंबर लागेस्तोवर कृष्णेला शंभर पूर येतील.'

बंडूनाना
अण्णांना माझा नमस्कार सांगा. काहीच नाही असं नाही. गोळ्यांच्या वेळा नीट लावून घेतल्यावर माझे रोज दोन-तीन तास वाढले. लाखाची नाही, वेळापत्रकाची गोष्ट आहे. मेंदूत तारा बसवायच्या डीबीएस शस्त्रक्रियेसाठी बसतात का तेही विचारा. खर्चिक आहे, पण ती सिद्ध झालेली आहे आणि जेव्हा ही वर-खाली अवस्था असते तेव्हाच उपयोगी पडते. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाची माणसंही चांगली आहेत. आणि रोज चाला. मी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जातो, टाळी वाजवत, तालात. लोक वेडा म्हणतात, म्हणू देत.

विट्याची वैदेही
नानांना +१. कृष्णाकाठचा, अण्णा गोळी जेवणासोबत घेतात का?

कृष्णाकाठचा
हो, जेवताना. दुपारी आमटी, उसळ, वाटीभर दही. आई दह्यासोबतच देते, पोटात गार पडावं म्हणून.

विट्याची वैदेही
मग हे डॉक्टरांना नक्की सांगा. लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरते ती प्रथिनांच्या अमिनो आम्लांच्याच दारातून. डाळ-दही एकदम आलं की गोळी रांगेत मागे राहते. साधारणपणे जेवणाआधी अर्धा-पाऊण तास पाण्यासोबत द्यायला सांगतात. मळमळ झाली तर एखादं बिस्किट. पण वेळ परस्पर बदलू नका, गोळी एकदम बंद तर मुळीच करू नका. आठवडाभर कागदावर लिहा : गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, पाय कधी अडकले, मान कधी हलली. तो कागद घेऊन गेलात तर त्या चार मिनिटांत बरंच काम होतं.

कृष्णाकाठचा
वही आणली. पहिली नोंद अण्णांनी स्वतःच केली, अक्षर मुंगीएवढं आलंय पण वाचता येतं. सोमवारी मिरजेला अपॉइंटमेंट आहे. दह्याचं आईला सांगितलं तर माझ्यावरच भडकलीय.